न चिकटवलेली पट्टी

आमच्या घरी मैद्याची खळ दोनच कामांसाठी शिजायची. संक्रांतीच्या आधी पतंगांसाठी, आणि वर्षातून केव्हाही बाबांच्या पट्ट्यांसाठी. पतंगांची खळ आई घाईघाईने करायची, गुठळ्या राहिल्या तरी कोणाची तक्रार नसे. पट्ट्यांची खळ बाबा स्वतः करत. कान तुटलेला एक इनॅमलचा मग त्यासाठी राखून ठेवलेला. मंद आचेवर ढवळत बसायचं, खाली उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून आम्हा मुलांना त्या मगाला हात लावायची बंदी होती.

बाबा नागपुरात धंतोलीतल्या एका वकिलांकडे मुन्शी होते. दावे दाखल करणं, तारखा वहीत टिपणं, नकला काढणं, पक्षकारांना धीर देणं आणि ऑफिसातली कायद्याची पुस्तकं ताजी ठेवणं, असं त्यांचं काम. कायदा बदलला की पुस्तक बदलत नसे, तेवढे पैसेच नसत. राजपत्रातला नवा मजकूर बाबा रेमिंग्टनवर पातळ कागदावर टाइप करत, त्याची पट्टी कापत आणि जुन्या मजकुरावर चिकटवत. त्यांचा एक नियम होता. पट्टी फक्त डाव्या कडेने चिकटवायची. पूर्ण चिकटवली तर खालचं कायमचं झाकलं जातं. जुन्या काळातला दावा जुन्या कायद्यानेच चालतो, म्हणून पट्टी उचलून खालचं वाचता आलं पाहिजे. ‘आधी काय होतं ते दिसलं पाहिजे,’ असं ते म्हणत. मला तेव्हा वाटायचं, हा फक्त पट्ट्यांचा नियम आहे.

वकीलसाहेबांनी ऑफिस बंद केलं तेव्हा त्यांनी बाबांना त्यांच्या आवडीचं एक पुस्तक न्यायला सांगितलं. बाबांनी राज्यघटना आणली. ते इंग्रजी पुस्तक आज माझ्याकडे आहे. बंद केलं तरी मध्ये फुगलेलंच राहतं, कारण काही पानांवर पट्टीवर पट्टी आहे. सगळ्यात जाड पान कलम ३५२ चं. आणीबाणीचं. या लेखात मला त्या पानाबद्दल सांगायचं आहे, आणि एका पट्टीबद्दल, जी बाबांनी टाइप केली, कापली, पण चिकटवली नाही.

*

१९७५ च्या जुलैमध्ये मामाला नेलं. मामा शाळामास्तर, समाजवादी विचारांचा, गिरणी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळी फुकट वर्ग घेणारा. मी अकरा वर्षांची होते. पहाटे दोन पोलीस आले आणि त्यांनी अतिशय सभ्यपणे त्याला चप्पल घालायला वेळ दिला. आजी दारात उभी राहून एकच विचारत होती, ‘काऊन नेता बाप्पा? काय केलं यानं? सांगाल त खरं!’ त्यांनी सांगितलं नाही. त्यांना सांगणं भागच नव्हतं. खटल्याशिवाय माणसाला स्थानबद्ध करू देणाऱ्या मिसा कायद्यात जूनच्या शेवटी वटहुकुमाने बदल झाला होता. स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारण कळवायची गरज उरली नव्हती. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता, की समानता, जीवित व स्वातंत्र्य आणि अटकेतलं संरक्षण देणाऱ्या कलम १४, २१ आणि २२ यांच्यासाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. आजीचा प्रश्न साधा होता, त्याचं उत्तर मागायचा दरवाजाच कायद्याने बंद केला होता.

पण उच्च न्यायालयांनी तो दरवाजा किलकिला ठेवला. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं, की निदान एवढं तरी आम्ही तपासू, हा हुकूम कायद्यात बसतो का, योग्य अधिकाऱ्याने काढला आहे का, भलत्याच माणसाला तर धरलं नाही ना. त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. बाबा त्या दिवसांत रात्री उशिरा घरी येत. मामाचा अर्ज आमच्या वकीलसाहेबांनी तयार करून ठेवला होता. ते म्हणत, दिल्लीचा निकाल येऊ द्या.

निकाल आला २८ एप्रिल १९७६ ला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं, की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्ध माणसाला दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधात लिहिलं. पुढल्या जानेवारीत त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो खटला ‘जबलपूर’ या नावाने ओळखला जातो. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती आणि उच्च न्यायालय इथे होतं. राज्य पुनर्रचनेत ते जबलपूरला गेलं. बाबांच्या पिढीच्या मुन्शींना ‘जबलपूर’ हे नाव त्या एका कारणाने आधीच दुखरं होतं.

नागपूरचा एप्रिलअखेर म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. बाबा त्या दिवशी भर दुपारी घरी आले, सायकल भिंतीला लावली, माठातलं पाणी प्यायले आणि आजीला काही न सांगता आडवे झाले. आजीनेही विचारलं नाही. ती वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत राहिली, ते कोरडे व्हायच्या आधीच पुन्हा पुन्हा.

मग आली बेचाळिसावी घटनादुरुस्ती. एकोणसाठ कलमांची. डिसेंबर १९७६ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि १९७७ च्या जानेवारीत तिचा बराचसा भाग लागू झाला. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं. घटनादुरुस्तीला कुठल्याही कारणाने कोर्टात आव्हान देता येणार नाही. न्यायालयांचे अधिकार कापलेले. त्या संक्रांतीला आमच्या घरी पतंगांना खळ उरली नाही. बाबांना पट्ट्या पुरत नव्हत्या, काही ठिकाणी त्यांना आख्खी पानंच लावावी लागली. ते टाइप करताना एक शब्द बोलत नव्हते. आईने विचारलं, एवढं सगळं चिकटवायलाच हवं का? ते म्हणाले, ‘माझं काम पुस्तक खरं ठेवायचं आहे.’

*

मार्चमध्ये निवडणूक झाली. इतरत्र काँग्रेस वाहून गेली, पण विदर्भ जवळजवळ पूर्ण काँग्रेसबरोबर राहिला आणि नागपूरनेही काँग्रेसचाच खासदार निवडला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आज आणीबाणीची आठवण निघाली की प्रत्येक घर आपण तेव्हा लढलो असं सांगतं. आमच्या गल्लीत असं नव्हतं. लोक आमच्याशी प्रेमाने वागत, डबा पाठवत, पण मामाचं नाव घेताना आवाज खाली येई. त्या लोकांना मी दोष देत नाही. पुढे जी दुरुस्ती झाली तिने ज्यांनी मत दिलं त्यांना आणि ज्यांनी दिलं नाही त्यांनाही सारखंच राखलं, एवढंच मला म्हणायचं आहे.

मामा मार्चच्या शेवटी सुटला. बारीक झालेला, दाढी पांढरी झालेला, आणि कमालीचा आनंदी. तुरुंगात त्याच्या बराकीत संघाचे स्वयंसेवक होते, जमात-ए-इस्लामीचे होते, समाजवादी होते, जुने काँग्रेसवालेही होते. बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं दीड वर्ष एकाच पंगतीत जेवली होती. मामाला खात्री वाटत होती, की आता हेच लोक देश चालवणार म्हणजे घटनेची जखम महिन्याभरात भरून निघेल.

जनता पक्ष कागदावर एक पक्ष होता. आत संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी अशी चार घरं, शिवाय जगजीवनराम यांचे लोक, आणि मंत्रिमंडळात अकाली दलही. त्याला आघाडी सरकारच म्हटलं पाहिजे. कोणाला मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढायचा होता, कोणाला ते नको होतं. कोणाला बेचाळिसावी मुळापासून उपटून टाकायची होती, कोणाला त्यातलं काही ठेवायचं होतं. शिवाय राज्यसभेत बहुमत काँग्रेसचं होतं. घटना बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे ज्यांनी आणीबाणी आणली आणि बेचाळिसावी आणली, त्यांच्याच संमतीने ती दुरुस्त करायची होती.

महिन्याभरात काही झालं नाही. पहिली, त्रेचाळिसावी, न्यायालयांचे अधिकार परत देणारी, १९७८ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाली. मोठं विधेयक कायदामंत्री शांतिभूषण यांनी मे १९७८ मध्ये मांडलं. ऑगस्टमध्ये लोकसभेने मंजूर केलं आणि राज्यसभेने त्यातली पाच कलमं पाडली. त्यातलं एक मामाच्या जिव्हाळ्याचं होतं. घटनेच्या गाभ्याला, म्हणजे लोकशाही, धर्मनिरपेक्षता, मुक्त निवडणुका, स्वतंत्र न्यायव्यवस्था यांना हात लावायचा असेल तर संसदेचं बहुमत पुरणार नाही, जनतेचा कौल घ्यावा लागेल, अशी ती तरतूद होती. ती गेली. ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणजे सर्व धर्मांना समान आदर आणि ‘समाजवादी’ म्हणजे सर्व प्रकारच्या शोषणापासून मुक्ती, अशा व्याख्या सुचवल्या होत्या. त्याही गेल्या. डिसेंबरमध्ये लोकसभेने राज्यसभेचं म्हणणं मान्य करून राहिलेलं विधेयक मंजूर केलं. तीच चव्वेचाळिसावी दुरुस्ती.

त्या डिसेंबरमधला एक रविवार मला स्पष्ट आठवतो. वाड्याच्या ओट्यावर ऊन आलं होतं, आई पुडाच्या वड्या तळत होती, आणि मामा फेऱ्या मारत बोलत होता. ‘भाऊजी, हे काय सरकार आहे? ज्यांनी आपल्याला आत टाकलं त्यांना विचारून विचारून घटना लिहून राहिलेत! जनतेचा कौल टाकून दिला. अर्धी भाकरी घेऊन आले.’

बाबा संत्रं सोलत होते. त्यांनी एक फोड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘मास्तर, बेचाळिसावी कोणाला विचारून केली होती? कोणालाच नाही. विरोधक आत होते. म्हणून दोन वर्षं टिकली. ही जी अर्धी भाकरी आणली आहे ना, ती त्यांच्याही सहीची आहे. उद्या ते परत आले तरी मोडू शकणार नाहीत.’

मामा मानला नाही. मला तेव्हा मामा बरोबर वाटला होता. आज वाटतं, त्या ओट्यावर बाबांनी जे सांगितलं ते त्या काळातल्या अग्रलेखांपेक्षा लांबचं होतं. १९८० मध्ये इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परत आल्या. १९८४ मध्ये काँग्रेसला चारशेहून जास्त जागा मिळाल्या. नंतर दुसऱ्या पक्षांची बहुमतं आली. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३५२ आणि ३५९ मध्ये जे बदलून ठेवलं होतं, त्याला १९८८ मध्ये एकदाच, पंजाबपुरता, अपवाद केला गेला आणि तोही दोन वर्षांच्या आत मागे घेतला गेला. बाकी ते कोणी मोडलं नाही.

*

काय बदललं होतं, ते त्या जाड पानावर बोट ठेवून सांगते. बाबांनी सांगितलं होतं तसंच, पट्टी उचलून.

खाली आहे ‘अंतर्गत अशांतता’. एवढ्या दोन शब्दांवर १९७५ ची आणीबाणी उभी होती. अशांतता म्हणजे काय? मोर्चा अशांतता, संप अशांतता, शिक्षकांची सभाही अशांतता. पट्टीवर आहे ‘सशस्त्र उठाव’. आता देशाच्या आत काही घडलं म्हणून आणीबाणी लावायची तर हातात शस्त्रं घेतलेली माणसं दाखवावी लागतील.

दुसरी पट्टी सांगते, की मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी पुकारता येणार नाही. १९७५ मध्ये रात्री सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, त्यावरचा हा टाका. त्याखाली मुदत. पूर्वी संसदेच्या मंजुरीसाठी दोन महिने होते, आता एकच, आणि तीही साध्या बहुमताने नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी खास बैठक बोलवावी लागेल. एक दशांश! सत्ताधाऱ्यांपुढे अगदी लहान असलेल्या विरोधी पक्षाच्या हाती एवढी किल्ली ठेवून देणं हे तुरुंगात बसून आलेल्या माणसांनाच सुचू शकतं.

आणि कलम ३५९ वरची पट्टी. आणीबाणीतही कलम २० आणि २१ यांच्या अंमलासाठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. एकविसावं म्हणजे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य. बाबांनी हे आजीला मराठीत समजावून सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, ‘म्हंजे हे आधी लिहेलच नव्हतं काय?’ बाबांनी पट्टी उचलून तिला खालचं पान दाखवलं. आजीला अक्षरओळख नव्हती. तरी तिने खालच्या ओळींवरून बोट फिरवलं.

या कलमाशी आपल्या भागाचं एक जुनं नातं आहे. घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये या तरतुदी आल्या तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतातून गेलेले हरि विष्णु कामत जिवाच्या आकांताने विरोधात बोलले होते. जर्मनीच्या, हिटलरच्या आधीच्या वायमार घटनेत अशाच कलमातून हुकूमशाही कशी आली, ते त्यांनी सभागृहाला सांगितलं. कोर्टाचं दार बंद करणारं कलम मंजूर झालं तेव्हा त्यांनी तो दुःखाचा आणि लाजेचा दिवस म्हटला. बहुतेकांना त्यांची भीती जास्तीची वाटली. एकोणतीस वर्षांनी चव्वेचाळिसावी दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा कामत होशंगाबादचे खासदार म्हणून लोकसभेत होते. मला हे कळलं ते फार उशिरा, पण कळल्यापासून मी त्या दोन तारखांच्या मधल्या एका माणसाच्या आयुष्याचा विचार करते. आपलं म्हणणं खरं ठरावं असं त्यांना मुळीच वाटलं नसेल.

*

आता ती पट्टी.

घटनादुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही होते, पण कधी कधी तीत लिहिलेलं असतं, की सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवील तेव्हापासून ती लागू होईल, आणि वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी तारीख ठरवता येईल. चव्वेचाळिसावीवर सही झाली ३० एप्रिल १९७९ ला. बहुतेक भाग २० जून १९७९ पासून लागू झाला. पंचवीस दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. भांडणाऱ्या घरांचं सरकार भांडणातच मोडलं, पण मोडण्याच्या पंचवीस दिवस आधी त्याने माझ्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर घटनेत लिहून ठेवलं. माझ्या मनात त्या सरकारबद्दल जी कृतज्ञता आहे ती या पंचवीस दिवसांमुळे आहे.

तरीही एक कलम राहिलं. दुरुस्तीचं तिसरं. ते घटनेच्या कलम २२ मध्ये बदल करणार होतं, आणि ते सरळ मामासारख्या माणसाबद्दल होतं. गुन्हा केला म्हणून अटक केलेल्यांविषयी ते नाही. पुढे काही करेल या भीतीने, खटल्याशिवाय ज्याला स्थानबद्ध करतात त्याच्याविषयी आहे. आज असलेल्या कलमानुसार अशा माणसाला तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळाच्या अहवालाशिवाय ठेवता येतं. मंडळावर न्यायाधीश असलेली, पूर्वी असलेली किंवा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेली व्यक्ती चालते. तिसऱ्या कलमाने तीन महिन्यांचे दोन केले. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल, अध्यक्ष कामावर असलेलाच न्यायाधीश असेल, बाकीचे आजी किंवा माजी न्यायाधीशच असतील. मंडळाला वगळून जास्त काळ ठेवता येईल असा कायदा करण्याचा संसदेचा अधिकारही काढून घेतला.

संसदेने हे मंजूर केलं. राष्ट्रपतींनी सही केली. लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही.

बाबांनी पट्टी टाइप करून ठेवली होती. जूनच्या राजपत्रात पाहिलं, तीन क्रमांक नव्हता. ऑगस्टमध्ये पाहिलं, नव्हता. ‘येईल,’ म्हणाले, आणि पट्टी एका खाकी लिफाफ्यात घालून कलम २२ च्या पानात ठेवली. ऑक्टोबरमध्ये चरणसिंगांच्या सरकारने काळाबाजार रोखण्यासाठी स्थानबद्धतेचा वटहुकूम काढला. ज्यांचे स्वतःचे लोक खटल्याशिवाय आत राहून आले होते, त्यांच्यातल्याच एका तुकड्याने. मामाला त्याने जितकं दुखावलं तितकं तुरुंगानेही दुखावलं नव्हतं. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. धनबादचे खासदार ए. के. रॉय त्याखाली स्थानबद्ध झाले आणि त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन इतर मुद्द्यांबरोबर हेही विचारलं, की संसदेने मंजूर केलेलं कलम सरकार लागू का करत नाही? डिसेंबर १९८१ च्या निकालात बहुमताने सांगितलं गेलं, की लागू करण्याची तारीख ठरवणं संसदेनेच सरकारवर सोपवलं आहे, न्यायालय त्यासाठी सरकारला हुकूम देणार नाही. बाबांनी तो निकाल वाचला. लिफाफा जागेवरच राहिला.

आपल्या राज्यात १९८१ चा एमपीडीए कायदा आहे, धोकादायक कृत्यं रोखण्यासाठी खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा. नागपूरच्या कुठल्याही वर्तमानपत्राच्या शहर पानावर दर थोड्या दिवसांनी बातमी असते, अमुक गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध. आपण वाचतो, बरं झालं म्हणतो, पान उलटतो. मीही म्हणते. माझ्याही गल्लीत रात्री बाया घाबरत घरी येतात. पण बातमी वाचताना मला त्या लिफाफ्याची आठवण होते. हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याची चूक झाली असेल तर ती कोण तपासणार, केव्हा तपासणार, एवढाच त्या पट्टीचा विषय आहे. गुंडाला सोडा असं ती म्हणत नाही. ती म्हणते, लवकर आणि खऱ्या न्यायाधीशासमोर तपासा.

*

कलम कागदावर असणं आणि कलम चालू असणं, यातलं अंतर नागपूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. विदर्भाला मराठी राज्यात न्याय्य वाटा देण्याचं वचन देणारा १९५३ चा नागपूर करार आपल्याला तोंडपाठ आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३७१ (२) आलं, विदर्भ आणि मराठवाड्यासाठी वेगळी विकास मंडळं, निधीची न्याय्य वाटणी, राज्यपालांवर विशेष जबाबदारी. मंडळं स्थापन झाली १९९४ मध्ये. अडतीस वर्षं ते कलम घटनेत होतं आणि नव्हतं. २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. दर डिसेंबरला अधिवेशन येतं, मोर्चे निघतात, यशवंत स्टेडियमवर तंबू पडतात, आणि कोणीतरी माईकवरून अनुशेषाचे आकडे वाचतं. निदान त्या कलमासाठी ओरडणारं कोणी आहे. एक प्रदेश आहे, त्याचे आमदार आहेत, मतं आहेत.

तिसऱ्या कलमासाठी कोण ओरडणार? स्थानबद्ध माणूस आत असतो. सुटला की त्याला ते दिवस विसरायचे असतात. आणि सत्तेत असलेल्या प्रत्येकाला ते हत्यार हाताशी असावं असं वाटतं. १९७९ पासून दिल्लीत एकपक्षीय सरकारं झाली, आघाड्या झाल्या, डावीकडून पाठिंबा घेणारी झाली, उजवीकडची झाली. चरणसिंगांपासून आजपर्यंत कोणाच्याही राजपत्रात ती तारीख आली नाही. आघाडी सरकारं दुबळी असतात म्हणून घटनेची कामं राहतात, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. वाजपेयींच्या आघाडीनेच २००० मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्यांचा आयोग नेमला. आधी तो घटनेचाच फेरविचार करणार असं बोललं गेलं, विरोध झाला, आणि शेवटी ‘घटनेच्या कार्याचा आढावा’ एवढंच काम त्याला मिळालं, तेही गाभ्याला धक्का न लावता. त्याच आघाडीच्या काळात, सगळ्यांना बरोबर घेऊन, मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणणारी एक्याण्णवावी दुरुस्ती झाली. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे ४३ मंत्री, ही मर्यादा तिथून आली. दहा घरांना विचारून काढलेला रस्ता वाकडा निघतो, पण कोणाच्या घरावरून जात नाही. त्याच आघाडीच्या काळात, २००० मध्ये, तीन नवी राज्यं झाली आणि विदर्भ राहिला, कारण आघाडीतल्या मित्राला तो नको होता, हेही मी विसरलेले नाही. विचारून चालण्याची किंमत आपल्याच शहराने मोजली. तरीही माझं मत तेच आहे.

मामा २००९ मध्ये गेला. शेवटच्या वर्षांत त्याचा स्वभाव निवळला होता. एकदा तो बाबांना म्हणाला, ‘भाऊजी, तुमची भाकरी टिकली बरं का.’ बाबांना तेव्हा ऐकायला कमी येत होतं. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं. बाबा हसले, आणि म्हणाले, ‘अर्धीच आहे अजून. लिफाफा बघ.’

बाबा गेल्यानंतर मी दर काही वर्षांनी घटनेची नवी प्रत विकत घेते. आता पट्ट्या कोणी लावत नाही, प्रती स्वस्त मिळतात आणि फोनवरही घटना असते. सीताबर्डीच्या दुकानात उभी राहून मी आधी कलम २२ उघडते. चौथ्या पोटकलमाखाली बारीक अक्षरात टीप असते, की चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचं तिसरं कलम अंमलात आल्यावर हे कलम अमुक प्रकारे बदललेलं असेल. दुकानदार ओळखीचा झाला आहे. तो आता विचारतो, ‘आली का ताई तारीख?’

गेल्या संक्रांतीला नातवासाठी खळ केली. मांजा घरात येऊ द्यायचा नाही एवढ्या अटीवर पतंग. इनॅमलचा मग केव्हाच फुटला, स्टीलच्या वाटीत केली. मोरचूद नाही. थोडी उरली तेव्हा मी उगाच पुस्तक काढून बसले. लिफाफ्यातली पट्टी पिवळी पडली आहे, पण रेमिंग्टनची अक्षरं काळीभोर आहेत. नातू म्हणाला, आजी, हिला पण लावून टाकू? खळ आहे ना. मी त्याला सांगितलं, अजून नाही, तारीख यायची आहे. मग त्याला डावी कड कुठली ते दाखवलं, आणि पट्टी परत लिफाफ्यात ठेवली.